कडेची आग

पेटी उघडताना स्क्रू मोजायचे असतात.
बावीस निघाले. वहीत लिहिले, मग फोम उचलला.
आत काळसर दगडाचे उथळ भांडे,
सुपाच्या घाटाचे: एक कड सरळ, एक वळलेली.
नोंदपत्र म्हणते, दिवा. शंखजिऱ्याचा दगड.
डावीकडे तडा, स्नायूच्या दोऱ्याने शिवलेला.

दगडाला टाके!
मी कुडाळचा मेस्त्री, पेट्या बनवतो या संग्रहालयाच्या.
फळ्या शिवून केलेली नाव इथल्याच दालनात आहे,
तिला मी पाट लावला.
पण फुटका दगड कुणी रफू करून वापरला असेल
हे हाताला पटेना.
दोनदा बोट फिरवले, हातमोज्यातून.

दिव्यासोबत आलेली आलासी, सत्तरीची.
विमानतळापासून गाडीच्या काचेला तळहात लावून बसली होती,
सत्तेचाळीस अंश तिने तसेच वाचले.
तिची बाटली कस्टमने ठेवून घेतली.
सीलची चरबी कुठल्या रकान्यात टाकावी
त्यांनाही कळेना बिचाऱ्यांना.

अग्निसुरक्षेचे याकूबसाहेब अदबीने म्हणाले,
मॅडम, दालनात दिवा ठेवा, आग ठेवू नका.
ती हसली.
तिच्या हँडबॅगेत दुसरा होता,
तळव्याएवढा, प्रवासातला, आईचा.
त्याच्यावर क्रमांक नव्हता.

रात्री दीड. मालधक्क्याच्या मागे आम्ही तिघे.
नौशादने केसांचे खोबरेल आणले, अर्धी बाटली,
ऑगस्टात इथे ते पाण्यासारखे पातळ.
तिच्या डबीत वाळके शेवाळ, आणि त्यात चुरलेला
कसल्याशा गवताच्या बोंडांचा कापूस.
मी चिमूट घेतली, मांडीवर वळायलाही लागलो,
बोटांना तेवढेच येते.
तिने मनगट धरले. वळायची नाही.
काठावर अंथरायची.

माझ्या लायटरने पेटली.
एका टोकाकडून सरकत गेली आग,
सरळ कडेने, ठेंगणी,
तान्ह्याच्या हिरडीवर दात दिसू लागतात तशी.
ती काडीने दाबत राहिली:
इथे थोडी, तिथे थोडी.
उंच झाली की धूर, म्हणाली.
धूर म्हणजे बाईला डुलकी लागली.
आणि रात्र? मी विचारले.
रात्र कधी कधी दोन महिन्यांची.

भिंतीपलीकडे सित्राच्या चिमणीवर
तीन मजले उंच ज्योत फडफडत होती.
तिने हनुवटीने दाखवली.
ती कोण सांभाळतं?
शिफ्ट असते, मी म्हणालो.
तिच्यावर काय शिजतं?

नौशाद हसला. मला हसू आले नाही.
मेमध्ये घरावर स्लॅब पडला आमच्या,
धाकटीची फी गेली, आईचा डोळा झाला.
हे सगळे पाहुण्या इंग्रजीत कसे बसवायचे?
पुष्कळ, म्हटले. पण लांब शिजतं.
तिने मान हलवली, जणू
चूल कुठे आणि जेवणारे कुठे
हे तिलाही ठाऊक असावे.

स्टीलच्या पेल्यातला चहा कोमट व्हायला
पाऊण तास लागला. कुणी घाई केली नाही.
घामाने निथळत आम्ही आगीजवळच सरकत होतो,
का, ते विचारू नका.
तिने ओला रुमाल काडीवर टाकून ज्योतीवर धरला,
तिकडे हातमोजे वाळवतात तसा.
इथल्या हवेत काय वाळणार?
रुमालाला नुसता खोबऱ्याचा वास लागला.
तो तिने घडी करून ठेवला.

सकाळी मोठा दिवा दालनात नेला,
चौघांनी, पावले मोजत, काचेखाली.
रिकामी पेटी बंद केली. स्क्रू बावीस.
अहवालात रकाने भरले:
तडा, जुनाच. टाके, घट्ट. तेल, नाही.
धूर, असा रकाना नसतो.
मी समासात लिहिला,
आणि पुढे, नाही.